वळणाचा हिशेब

हैदराबादच्या गच्चीबोली भागात बायोडायव्हर्सिटी चौकावर दुमजली उड्डाणपूल आहे. त्याचा वरचा मजला नोव्हेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात वाहतुकीला खुला झाला. पुरते तीन आठवडेही उलटले नव्हते, तोच २३ नोव्हेंबरच्या भर दुपारी एक मोटार त्या पुलाच्या वळणावर कठड्यापलीकडे गेली आणि खालच्या रस्त्यावर कोसळली. खाली रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका महिलेचा जीव गेला, काही जण जखमी झाले. पुलावर वेगमर्यादा होती ताशी ४० किलोमीटरची. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मोटार ताशी १०० च्या पुढे होती. पूल बंद झाला, तज्ज्ञांनी तो तपासला, आणि वेग रोखण्याचे उपाय करून जानेवारी २०२० मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

त्या दिवसांत शहरात एकच वाद होता: वळण चुकले की चालक? या वादात एक आकडा मात्र कोणी फारसा काढला नाही. चाळीसच्या जागी शंभर म्हणजे मर्यादा अडीचपट ओलांडली, असे आपण सहज म्हणून जातो. रस्त्याला तसे वाटत नाही. वळणाच्या दृष्टीने ती सव्वासहापट ओलांडलेली असते. अडीच आणि सव्वासहा यांच्यात जे अंतर आहे, त्यात वर्तुळाकार गतीचे बहुतेक सगळे भौतिकशास्त्र येते.

काटा स्थिर, तरी त्वरण

सरळ रस्त्यावर एकाच वेगाने चाललेल्या गाडीला त्वरण नसते. वळणावर गाडीचा काटा ४० वर अगदी खिळून राहिला तरी तिला त्वरण असते, कारण वेगाला दिशाही असते. दिशा बदलली की वेग बदलला, आणि वेग बदलायचा तर बल लागते. गोफणीतला दगड हातातल्या दोरीमुळे फिरत राहतो. दोरी सुटली की तो वर्तुळाबाहेर फेकला जात नाही. सुटला त्या क्षणी जी दिशा होती त्याच दिशेने सरळ, म्हणजे वर्तुळाच्या स्पर्शिकेवरून निघून जातो. वळायचे तर प्रत्येक क्षणी कोणीतरी केंद्राकडे ओढत राहिले पाहिजे. या ओढीला अभिकेंद्री बल म्हणतात. अभिकेंद्री बल ही काही निराळी जात नाही. दगडासाठी ते दोरीचा ताण असते, चंद्रासाठी पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण, आणि मोटारीसाठी टायर व डांबर यांच्यातले घर्षण.

मग वळणावर आपण दाराकडे ढकलले जातो ते कशाने? खरे पाहता आपल्याला कोणी ढकलत नाही. शरीर सरळ जाऊ पाहते आणि गाडीचे दार वळून आपल्या वाटेत येते. दार आपल्याला आत लोटते, आणि आपल्याला वाटते की आपणच दारावर आदळतो आहोत. ज्याला अपकेंद्री बल म्हणतात ते या भासाचे नाव. फिरत्या गाडीत बसून हिशेब मांडायचा असेल तर ते सोयीचे असते, पण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला ते कुठेच दिसत नाही. त्याला एवढेच दिसते की घर्षण पुरले तर गाडी वळली, पुरले नाही तर ती सरळ गेली. कठडा तोडणारी गाडी बाहेर फेकली गेलेली नसते. ती वळलेलीच नसते.

वर्गाचा वार

वळण्यासाठी किती त्वरण लागते याचे सूत्र एका ओळीचे आहे: वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगन्स याने ते शोधले आणि घड्याळांवरच्या आपल्या ग्रंथाच्या शेवटी १६७३ साली प्रसिद्ध केले. त्रिज्या निम्मी झाली, म्हणजे वळण दुप्पट तीव्र झाले, तर बल दुप्पट लागते. वेग दुप्पट झाला तर चौपट. वर्ग येतो तो असा: वेग वाढला की दर सेकंदाला दिशा जास्त बदलावी लागते, शिवाय जी बदलायची ती गतीही मुळात मोठी असते. वेग दोन्हीकडून वसूल करतो.

आता एक वळण घेऊ. त्या उड्डाणपुलाची मापे इथे धरलेली नाहीत. ताशी ४० च्या रस्त्याला आपल्याकडच्या मानकांनुसार कमीत कमी जेवढी लागते ती सुमारे ६० मीटरची त्रिज्या धरू. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. त्याचा वर्ग भागिले ६०, म्हणजे सुमारे २ मीटर प्रति सेकंद वर्ग, अर्थात गुरुत्व त्वरणाचा पाचवा हिस्सा. १,२०० किलोची मोटार असेल तर टायरांना एकूण अडीचशे किलो वजनाइतकी आडवी पकड द्यावी लागते, आणि ती सहज मिळते.

तीच मोटार शंभरने आली तर हिशेब साडेबारा मीटर प्रति सेकंद वर्गाच्या पुढे जातो. पकड लागते दीड हजार किलोच्या वर, म्हणजे मोटारीच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त. कोरड्या डांबरावर साधा टायर वजनाच्या साधारण ७० ते ८० टक्के पकड देतो. उरलेली आणायची कुठून? चालक कितीही तरबेज असला तरी स्टिअरिंग फिरवून घर्षण वाढत नाही.

रिंगरोड आणि पृथ्वी

सोलापूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ पाटणचेरूपाशी नेहरू आउटर रिंगरोडला मिळतो. शहराला वेढणारा हा आठपदरी रस्ता १५८ किलोमीटर लांबीचा आहे. तो अगदी गोल नाही, पण गोल धरला तर त्याची त्रिज्या सुमारे २५ किलोमीटर येते. ताशी १०० च्या वेगाने एक फेरा पूर्ण व्हायला साधारण ९५ मिनिटे लागतील, आणि लागणारे अभिकेंद्री त्वरण असेल ०.०३ मीटर प्रति सेकंद वर्ग. आपल्या ६० मीटरच्या वळणावर त्याच वेगाला जेवढे लागले त्याचा सुमारे चारशेवा भाग. वेग तोच, फक्त त्रिज्या बदलली. प्रवाशाला आपण वळतो आहोत याचा पत्ताही लागत नाही.

चारमिनारही फिरतो आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे हैदराबादच्या अक्षांशावर जमिनीचा प्रत्येक दगड ताशी सुमारे १,६०० किलोमीटरने पूर्वेकडे जातो. वेग विमानापेक्षा मोठा, पण त्रिज्याही सहा हजार किलोमीटरच्या वर. हिशेब केला तर त्वरण येते तेही ०.०३ च्या आसपासच. रिंगरोडवर शंभरने फिरणारी गाडी आणि जागच्या जागी उभा असलेला चारमिनार यांना वळवायला लागणारी ओढ जवळजवळ सारखीच आहे. दगडाला ही ओढ गुरुत्वाकर्षणातून मिळते, म्हणून पृथ्वी फिरत नसती तर हैदराबादेत आपले वजन आहे त्याहून सुमारे ०.३ टक्क्याने जास्त भरले असते.

रिंगरोडचा धोका त्याच्या मोठ्या वर्तुळात नसतो; तो उतरण्याच्या लहान वळणांवर असतो. अर्धा तास शंभरने गाडी हाकलेल्या डोळ्यांना साठचा वेग रेंगाळल्यासारखा वाटतो. उतरणीच्या वळणाची त्रिज्या मात्र किलोमीटरांवरून एकदम मीटरांवर आलेली असते. म्हणून अशा ठिकाणी अंदाजावर न जाता काटा बघायचा.

बाहेरची कड उंच का

घाटात किंवा उड्डाणपुलावर वळणाची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच ठेवलेली दिसते. इंजिनियर याला सुपरएलिव्हेशन म्हणतात. रस्ता असा कलता केला की तो गाडीला नुसता वर उचलून धरत नाही, थोडा आतही ढकलतो. तेवढे घर्षणाचे काम कमी होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत मैदानी भागासाठी या उताराची कमाल मर्यादा ७ टक्के आहे आणि आडव्या घर्षणाचा हिशेब ०.१५ धरून करतात. आपल्या ६० मीटरच्या वळणावर एकट्या ७ टक्के उतारावर ताशी २३ किलोमीटर वेग सांभाळला जातो. त्यापुढचा भार टायरांवर.

उतार आणखी वाढवला तर? वेगवान गाडीचे भागेल, पण वाहतूक तुंबून त्याच वळणावर उभा राहिलेला उंच भाराचा ट्रक आतल्या बाजूला कलंडायला बघेल. रस्ता सगळ्यांसाठी बांधायचा असतो, म्हणून ७ टक्क्यांवर थांबतात.

हा उतार वाढवत वाढवत पार उभ्या भिंतीपर्यंत नेला तर काय होईल, हे पाहायला जानेवारीत नामपल्लीच्या मैदानावर भरणाऱ्या नुमाइशला जावे. १९३८ साली सुरू झालेल्या या प्रदर्शनातल्या पाळण्यांच्या बाजूला मौत का कुआँ असतो. लाकडी फळ्यांच्या उभ्या भिंतीवर मोटारसायकल आडवी फिरते. इथे कामे उलटी वाटलेली आहेत. भिंत गाडीला केंद्राकडे रेटते आणि घर्षण तिला खाली पडू देत नाही. घर्षण मिळते ते या रेट्याच्या प्रमाणात, आणि रेटा वाढतो वेगाच्या वर्गाने. साडेचार मीटर त्रिज्या आणि ०.७ घर्षण धरले तर ताशी २९ किलोमीटरच्या खाली स्वार घसरेल. रस्त्याच्या वळणाला वेगाची कमाल मर्यादा असते, मौत का कुआँला किमान.

घर्षणाचा पगार

चाक फिरताना त्याचा जो बिंदू रस्त्याला टेकलेला असतो तो त्या क्षणी स्थिर असतो. गाडी शंभरने जात असेल तर चाकाचा वरचा बिंदू दोनशेने पुढे धावतो, मधला आस शंभरने, आणि खालचा शून्याने. टायर रस्त्यावर घासत नाही, पाऊल टाकल्यासारखा टेकत आणि उचलत जातो. म्हणूनच त्याला पकड मिळते. ब्रेक करकचून दाबला आणि चाक फिरायचे थांबले की खालचा बिंदू घासू लागतो. घासणाऱ्या रबराची पकड टेकलेल्या रबरापेक्षा कमी असते, शिवाय घासणारे चाक वळवले तरी गाडी वळत नाही. एबीएस ही यंत्रणा चाकाला थांबू न देता ब्रेक लावते ती यासाठीच.

टायरची एकूण पकड हा महिन्याचा पगार आहे. वळण्यावर खर्च केलेली ब्रेकला उरत नाही, आणि ब्रेकवर खर्च केलेली वळण्याला उरत नाही. वळणात शिरल्यावर वेग जास्त झाल्याचे ध्यानात येते आणि पाय ब्रेककडे जातो, तेव्हा पगार आधीच वळण्यावर गेलेला असतो. वेग वळणाआधी, सरळ रस्त्यावर कमी करायचा, ही ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांची सूचना शिस्तीसाठी नाही, या जमाखर्चासाठी आहे.

७ टक्के उतार असलेल्या आपल्या ६० मीटरच्या वळणावर चांगल्या टायरांना कोरड्या डांबरावर तोल सांभाळता येतो तो जास्तीत जास्त ताशी ७९ पर्यंत. पावसात पकड निम्म्यावर आली की ५७ पर्यंत. त्यावर सांडलेले तेल, झिजलेले टायर आणि वळणातच लावलेला ब्रेक, यांची वजाबाकी केली की चाळीसचा फलक भित्रा वाटत नाही.

घसरण की पलटी

आतापर्यंत गाडी म्हणजे एक ठिपका धरला होता. खऱ्या गाडीला उंची असते. घर्षण तिला आत ओढते ते जमिनीलगत, टायरापाशी. तिचा गुरुत्वमध्य मात्र वर असतो. पाय आत ओढले गेले आणि धड सरळ जात राहिले तर माणूस कलंडतो, तशीच गाडी बाहेरच्या चाकांवर कलते. बलाच्या या फिरवण्याच्या ताकदीला टॉर्क म्हणतात. तो दोन गोष्टींवर ठरतो: बल किती आणि ते फिरण्याच्या आसापासून किती लांब. पलटवणारा टॉर्क गुरुत्वमध्याच्या उंचीने वाढतो, सावरणारा टॉर्क चाकांमधल्या रुंदीने.

मोटारीची दोन बाजूंची चाके एकमेकांपासून दीड मीटर लांब आणि गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरच्या जरा वर. ती पलटायला तिच्या वजनाहून जास्त आडवे बल लागते. तेवढे घर्षण मिळतच नाही, म्हणून मोटार आधी घसरते. मात्र घसरत जाऊन चाक कडेच्या कठड्याला अडले की अडथळा हवे तेवढे बल पुरवतो, आणि मग ती उलटते किंवा उसळते. उंच भाराच्या ट्रकचे उलटे. त्याचा गुरुत्वमध्य दोन मीटरवर गेलेला असतो आणि वजनाच्या ४० टक्के आडव्या बलातच तो कलंडू शकतो. कोरड्या रस्त्यावर टायर धरून राहतात आणि ट्रक पलटतो, आपल्या वळणावर ताशी ६० च्या आसपासच. अर्धा भरलेला टँकर याहून वाईट, कारण आतला द्रव बाहेरच्या बाजूला सरकतो. ऑटोरिक्षाला पुढे एकच चाक असल्याने ती कलते ती पुढचे चाक आणि मागचे बाहेरचे चाक यांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेवर. म्हणजे तिची कामाची रुंदी दिसते त्याहून कमी असते.

दुचाकीला रुंदीच नसते, म्हणून ती आत झुकते. झुकल्यामुळे वजनाचा टॉर्क वळणाच्या टॉर्कला तोलतो. ६० मीटरच्या वळणावर ताशी ४० ला १२ अंश, ताशी ६० ला २५ अंश. मागे बसलेल्याने घाबरून उलट बाजूला झुकू नये याचे कारण हेच.

बांगडी मागे का पडते

चारमिनारच्या पश्चिमेला लाड बाजार सुरू होतो, लाखेच्या बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेला. तिथली एक जाडसर, रुंद बांगडी, तेवढ्याच आकाराची लाकडाची भरीव चकती आणि एक काचेची गोटी घ्या. एक मीटर लांबीची फळी एका टोकाला दहा सेंटिमीटर उचला आणि तिन्ही एकदम सोडा. गोटी सुमारे १.७ सेकंदांत खाली येईल, चकती तिच्या किंचित मागे, आणि बांगडीला लागतील २ सेकंद. बांगडी जड असो की हलकी, मोठी असो की लहान, ती हरणारच.

घसरणाऱ्या वस्तूला फक्त पुढे जायचे असते. घरंगळणाऱ्या वस्तूला पुढे जायचे असते आणि फिरायचेही असते, आणि उतारावरून मिळणारी ऊर्जा दोन्हींत वाटली जाते. फिरवणे किती अवघड हे नुसत्या वजनावर ठरत नाही. वजन आसापासून किती लांब आहे यावर ठरते, आणि इथेही अंतराचा वर्गच लागतो. याला जडत्व आघूर्ण म्हणतात. बांगडीचे सगळे वजन परिघावर असते, चकतीचे आतपर्यंत पसरलेले, गोटीचे आणखी आत. म्हणून बांगडीच्या ऊर्जेचा अर्धा वाटा फिरण्यावर जातो, चकतीचा एक तृतीयांश.

मिनिटाला तीन हजार फेरे

पाटणचेरूहून महामार्गाने शहराकडे निघाले की रामचंद्रपुरम लागते. तिथे भेल या सरकारी कंपनीचा कारखाना आहे. वाफेवर चालणारी टर्बाइन आणि त्यांना जोडलेली जनित्रे तिथे बनतात. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणून दोन ध्रुवांच्या जनित्राचा फिरता भाग, म्हणजे रोटर, सेकंदाला ५० आणि मिनिटाला ३,००० फेरे घेतो. एक मीटर व्यासाचा रोटर धरला तर त्याच्या कडेवरच्या पोलादाला लागणारे अभिकेंद्री त्वरण गुरुत्वाच्या सुमारे पाच हजारपट असते. कडेवरचा एक ग्रॅम धातू तिथे पाच किलोच्या वजनाइतका ओढ घेतो. रोटरच्या एका बाजूला काही ग्रॅम जास्त झाले तरी बेअरिंगला सेकंदाला पन्नास दणके बसतील. म्हणून असे रोटर फिरवून, तोलून, इकडेतिकडे चिमूटभर वजन लावून किंवा काढून नीट करतात, आणि नेहमीच्या वेगाहून जास्त वेगाने फिरवून पारखतात. वेग २० टक्के वाढवला की ताण ४४ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे ही परीक्षा दिसते त्याहून कडक असते.

या जड रोटरांचा आणखी एक उपयोग आहे. देशात एकदम विजेची मागणी वाढली की पहिल्या काही क्षणांत ती भागवली जाते फिरत्या पोलादात साठलेल्या ऊर्जेतून. सगळे रोटर किंचित मंदावतात, वारंवारता पन्नासच्या जराशी खाली येते, आणि तेवढ्या अवधीत वाफेच्या झडपा उघडतात. सौर पॅनेलमध्ये फिरणारे काहीच नसल्याने हे जडत्व त्यांच्याकडून आपोआप मिळत नाही. वीज जाळे सांभाळणाऱ्यांना आता त्याची वेगळी सोय करावी लागते आहे.

रोटर पारखला जातो तो भक्कम भिंतींच्या दालनात, माणसे बाहेर ठेवून. रस्त्यावर अशी सोय नाही. तिथे परीक्षा आणि वापर एकाच वेळी चालतात, आणि खाली माणसे उभी असतात. तेव्हा पुढच्या वेळी वळणाचा फलक दिसला की आपल्या काट्यावरच्या आकड्याला फलकावरच्या आकड्याने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. मर्यादा खरोखर कितीपट ओलांडली ते कळेल. उत्तर एकाच्या वर आले, तर ब्रेक तिथेच लावा, रस्ता सरळ आहे तोवर.